बेणे खाऊ नये

(समुद्रपूर, जि. वर्धा येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



'भावी पिढ्यांविषयी आपले नैतिक दायित्व' हा विषय आपण मला दिला आहे. विषय फार मोठा आहे आणि मोठ्या विषयावर बोलताना वक्त्याला मोठमोठे शब्द वापरण्याचा मोह होतो. पृथ्वी, मानवता, एकविसावे शतक असे शब्द सभागृहात घुमतात, श्रोते माना डोलावतात आणि घरी गेल्यावर अंगणातला नळ पूर्वीसारखाच वाहत राहतो. हा मोह टाळावा म्हणून मी आज आपल्याच तालुक्यातील एका गावापासून आरंभ करणार आहे.

वायगावने काय राखले?

वायगाव हळद्या हे गाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. गावाच्या नावातच हळद आहे. २०१६ साली वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. या मातीत, या हवेत आणि येथील माणसांच्या हातून पिकणारी हळद इतर ठिकाणच्या हळदीहून वेगळी आहे, हे देशाच्या कायद्याने मान्य केले. तिच्या गडद रंगाविषयी, तिच्यातील कुरकुमिनच्या प्रमाणाविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आले. ते योग्यच झाले. मला मात्र त्या मानांकनामागची एक अगदी साधी गोष्ट अधिक मोलाची वाटते.

ज्वारी, तूर यांच्यासारखे मूठभर दाणे पेरून हळद उगवत नाही. कंदापासूनच पुढचा कंद येतो. एका एकराच्या लागवडीला आठ-दहा क्विंटल बेणे लागते. काढणी झाली की निरोगी, भरदार गड्डे निवडायचे, सावलीत रचायचे, पाल्याने झाकायचे आणि विदर्भाच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात मृगापर्यंत जपायचे. शेतकऱ्याच्या घरी हे दिवस कसे असतात, हे आपणांस सांगावयास नको. लग्नसराई दारात असते, सोसायटीचे कर्ज भरावयाचे असते, घरातले कोणी दवाखान्यात असते. बाजारात भाव असतो आणि कोपऱ्यात विकता येईल असा माल रचून ठेवलेला असतो. तरीही त्याला हात लावावयाचा नाही. कारण ते बेणे आहे.

आज वायगावच्या शेतात जी हळद उभी राहते, तिच्यामागे अशा उन्हाळ्यांची अखंड साखळी आहे. कोणाच्या तरी पणजीने, कोणाच्या तरी आजोबाने, घरात गरज असताना, समोर गिऱ्हाईक उभे असताना, 'हे विकावयाचे नाही' असे म्हटले. त्यांतील एका उन्हाळ्यात जरी सगळ्या गावाने आपले बेणे विकून टाकले असते, तर २०१६ साली मानांकन देण्यासाठी काही उरलेच नसते. या माणसांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. आपल्या हळदीला पुढे असा मान मिळेल, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की, बेणे खावयाचे नसते. भावी पिढ्यांविषयीचे सगळे नीतिशास्त्र मला या तीन शब्दांत दिसते.

हिंगणघाटने काय गमावले?

आता याच तालुक्याला लागून असलेल्या हिंगणघाटची गोष्ट पाहू. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटच्या परिसरात 'बनी' नावाचा देशी कापूस होत असे. तलम आणि त्या काळच्या देशी कापसांच्या मानाने लांब धाग्याचा. मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे गावाचे नाव न राहता कापसाच्या एका प्रतीचे नाव झाले होते. आपल्या काळ्या मातीचे नाव सातासमुद्रापलीकडे तागडीवर उच्चारले जात होते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. पाठोपाठ लोहमार्ग आला. कापसाच्या व्यवहारात पैसा खेळू लागला. अशा वेळी आखूड आणि जाड्याभरड्या धाग्याचा, परंतु सरकी काढल्यावर अधिक रुई देणारा वाण शेतांमध्ये पसरू लागला. वजन अधिक भरते, मग तलमपणा कोणाला हवा? शेतकऱ्याने तो लावला. व्यापाऱ्याने दोन्ही कापूस एकत्र केले. सरक्या एकमेकींत मिसळल्या आणि तीच मिसळ पुढच्या वर्षी पेरणीला गेली. रिव्हेट-कार्नॅक या नावाचा इंग्रज अधिकारी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कापूस आयुक्त होता. बनीचे शुद्ध बी टिकावे म्हणून त्याने खटपट केली. तिचा उपयोग झाला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हिंगणघाटचा तो शुद्ध कापूस शेतातून जवळजवळ ओसरला होता.

आता मला सांगा, बनी कापूस कोणी मारला? शेतकऱ्याने? त्याने चार पैसे अधिक देणारे पीक घेतले. व्यापाऱ्याने? त्याने गिऱ्हाइकाला चालेल तो माल दिला. गिरणीमालकाने? त्याने स्वस्त रुई घेतली. प्रत्येकाचा निर्णय त्या त्या दिवशी शहाणपणाचाच होता. कोणीही दुष्ट नव्हते, कोणीही 'हा वाण नष्ट करू' असे ठरवले नव्हते. तरीही अनेक पिढ्यांनी निवडून, जपून घडविलेली एक वस्तू एका-दोन पिढ्यांत गेली. भावी पिढ्यांवरचा अन्याय हा बहुधा असाच घडतो. त्यात खलनायक सापडत नाही. म्हणूनच तो थांबविणे कठीण असते.

शेजारी शेजारी असलेल्या या दोन गावांच्या या दोन गोष्टी. एका ठिकाणी कोणीतरी 'नाही' म्हणत राहिले. दुसऱ्या ठिकाणी 'नाही' म्हणण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

ऋण मागच्यांचे, फेड पुढच्यांना

कोणी विचारील, जी पिढी अजून जन्माला आलेली नाही तिच्याशी आपले नाते काय? तिने आपल्यासाठी काय केले आहे? देण्याघेण्याच्या बाजारी हिशेबाने पाहिले तर हा प्रश्न बिनतोड आहे. न जन्मलेले मूल मत देत नाही, मोर्चा काढत नाही, न्यायालयात दावा लावीत नाही. ते आपल्याला काहीही देऊ शकत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी ऋणकल्पनेत देऊन ठेवले आहे. माणूस जन्मतःच ऋणी असतो, हा विचार तैत्तिरीय संहितेइतका जुना आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यांपैकी पितृऋणाचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. सावकाराचे कर्ज सावकारालाच परत द्यावे लागते. पितृऋणाची फेड पितरांना करता येत नाही, कारण ते आता येथे नाहीत. ती संततीच्या द्वारा करावयाची असते. घेतले मागच्यांकडून, द्यावयाचे पुढच्यांना. आपण ज्या चिंचेच्या सावलीत बसतो, ती लावणारा आपल्याला भेटणार नाही. त्याचे पैसे चुकते करण्याचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे आणखी एक चिंच लावणे.

आणि संतती म्हणजे केवळ मुले जन्माला घालणे नव्हे. जे मूल जगावयाचे आहे त्याच्यासाठी पाणी, माती, झाड, बी, विद्या आणि गावाचा एकोपा शिल्लक ठेवला नाही, तर फेड झाली कोठे? ती तर उधारीच पुढे ढकलली गेली.

ही केवळ पोथीतली गोष्ट राहिली नाही. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचा वारसा सांगणारे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. आरमाराला लाकूड हवे होते. राज्याच्या रक्षणाहून मोठी निकड कोणती? तरीही रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, असा दंडक त्यात घातला आहे. कारण असे दिले आहे की, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. झाड वाढण्यास लागलेला काळ हीसुद्धा एक संपत्ती आहे आणि ती तोडणाऱ्याच्या मालकीची नाही, हे ज्या राज्यकर्त्यांना कळले होते, त्यांचे आपण वंशज म्हणवतो.

जमिनीखालची ठेव

आता मी एक कबुली देणार आहे. दुसऱ्यांच्या चुकांवर व्याख्यान देणे सोपे असते.

आमचे घर याच जिल्ह्यातले. आमच्या शेतात आजोबांनी बांधलेली विहीर होती. पावसाळ्यानंतर पाणी वर येई, वैशाखात खाली जाई, पण तळ दिसत नसे. पुढे संत्रा लावावा असे आम्हां भावंडांच्या मनात आले. विहिरीचे पाणी पुरेना म्हणून बोअर घेतले. ते दोन-तीन वर्षांत आटले, म्हणून दुसरे अधिक खोल घेतले. दुसरे लागले त्याच उन्हाळ्यात शेजारच्या काकूंची विहीर कोरडी पडली. काकू घरी आल्या आणि माझ्या आईला एवढेच म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोराईनं माहं पानी ओढलं व." आई काही बोलली नाही. तेव्हा मला त्यात आमची चूक वाटली नव्हती. जमीन आमची, पैसा आमचा, बोअर आमचे. आज वाटते की, काकू निदान येऊन बोलू तरी शकल्या. आमच्या नातवंडांचे पाणीही आम्ही ओढले होते, ती येऊन काय बोलणार?

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. वाळूच्या थरात पाणी जसे सर्वत्र मुरते, तसे या कातळात मुरत नाही. भेगांमध्ये, झिजलेल्या थरांमध्ये जेवढे साठेल तेवढेच. वरच्या थरातले पाणी दर पावसाळ्यात पुन्हा भरते, ते वर्षाचे उत्पन्न आहे. खोल भेगांमधले पाणी साठण्यास फार काळ लागलेला असतो, ती ठेव आहे. व्याजावर संसार करावा, मुद्दल मोडू नये, हे आपल्या घरातल्या बाया जाणतात. शेतात मात्र आपण मुद्दल मोडतो आणि त्यालाच उत्पन्न म्हणतो.

हा भेद वर्ध्यातच एका माणसाने फार पूर्वी मांडून ठेवला आहे. डॉ. जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचे काम करीत. तुरुंगवासात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. कोळसा, तेल, खनिजे हा साठा आहे. तो वापरला की संपतो. जंगल, शेती, श्रम हा प्रवाह आहे. तो नीट राखला तर वाहत राहतो. समाजाची उभारणी साठ्यावर न करता प्रवाहावर करावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी पुष्कळांना तो भाबडेपणा वाटला. आज जगातील मोठमोठे अर्थतज्ज्ञ निराळ्या शब्दांत तेच सांगत आहेत.

आणि न्यायालयेही सांगत आहेत. गोव्यातील लोहखनिजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला. खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा दहा टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत ठेवावा, असा आदेश त्यात आहे आणि पिढ्यापिढ्यांमधील न्याय हे त्याचे एक कारण सांगितले आहे. खनिज एका पिढीला सापडले म्हणून ते त्या पिढीचे होत नाही, हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले. आमच्या आजीला हे निकालाशिवाय ठाऊक होते. त्या आजीची आठवण आता सांगतो.

भुकेल्याला उपदेश नको

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. घरात मिलो म्हणून मिळणारी लाल ज्वारी खाल्ल्याचे मला आठवते. तिची भाकर घशाखाली उतरत नसे. घरात एक माठ होता, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून, तोंड शेणमातीने लिंपून बंद केलेला. त्यात आमची पांढरी ज्वारी आहे, हे आम्हां मुलांना माहीत होते. मी एकदा हट्ट धरला. आजी म्हणाली, "त्याले हात नको लावू बापा, बियानं होय ते." ती स्वतः त्या दिवशी जेवली नव्हती, हे मला फार नंतर कळले.

ही गोष्ट सांगताना माझा ऊर भरून येतो, परंतु मी येथे थांबणार नाही. थांबलो तर ते अर्धसत्य होईल. माझी आजी बियाणे राखू शकली, कारण गावात रोजगार हमीसारखे दुष्काळी काम निघाले होते, मिलो का होईना धान्य येत होते, आणि उसने देणारी दोन घरे होती. ज्याच्यामागे यांपैकी काहीच नाही, तो माणूस बियाणे खातो. त्याला दोष देण्याचा अधिकार आपणां कोणालाही नाही.

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. त्या सहांत आपला वर्धा जिल्हा होता. कशासाठी, हे आपण जाणता. ज्या घरातला कर्ता पुरुष स्वतःचाच उद्याचा दिवस पाहू शकला नाही, त्या घराच्या दारात उभे राहून 'सातव्या पिढीचा विचार करा' असे सांगणे हे क्रौर्य होईल. म्हणून भावी पिढ्यांविषयीच्या कर्तव्याची पहिली पायरी वर्तमान पिढीतच आहे. आपल्यापैकी कोणालाही बेणे खावे लागू नये, अशी व्यवस्था करणे ही ती पायरी. ज्याच्या घरी दोन पगार येतात, ज्याची बँकेत ठेव आहे, ज्याचे दुकान चालते, त्याच्यावर या दायित्वाचा भार अधिक आहे. बनी कापूस टिकविण्याचा सगळा भार एकट्या शेतकऱ्याने उचलावा आणि तलम कापड मात्र सर्वांनी नेसावे, हे तेव्हाही चालले नाही, आजही चालणार नाही. वायगावची अस्सल हळद हवी असेल तर तिचा रास्त भाव देणारे गिऱ्हाईक आपल्याच घरात निर्माण झाले पाहिजे.

मग काय करावे?

पहिले काम हिशेबाचे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. पाऊस किती पडला, त्यात कोणती पिके बसतात, हे गाव एकत्र बसून ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यावयाचे नाही, हे बंधन गावाने स्वतःवर घालून घेतले. पोपटराव पवारांचे नेतृत्व तेथे होते हे खरे, पण बंधन पाळणारे हात साऱ्या गावाचे होते. एवढ्या दूरही जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातले काकडदरा हे लहानसे आदिवासी गाव २०१७ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिले आले. काकडदऱ्याच्या लोकांकडे आपल्यापेक्षा पैसा अधिक नव्हता. जलसंधारणाच्या त्या चरांत ज्यांनी घाम गाळला, त्यांतील कित्येकांना त्याचे पूर्ण फळ दिसणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असेल.

दुसरे काम ग्रामसभेचे. जपानमधील याहाबा या लहान नगरात २०१५ साली एक प्रयोग झाला. नगराच्या योजनांवर चर्चा करताना काही नागरिकांना सांगण्यात आले की, तुम्ही २०६० सालचे रहिवासी आहात असे समजून बोला. तीच माणसे, तेच नगर, पण बोलणे बदलले. आजची सोय मागणारे लोक उद्याच्या दुरुस्तीचा विचार करू लागले. आपल्या ग्रामसभेत, नगर पंचायतीत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत एका जबाबदार माणसाकडे हे काम का सोपवू नये? प्रत्येक ठरावावर त्याने एकच प्रश्न विचारावा, 'आपल्या नातवंडांना हे चालेल काय?' हिंगणघाटला हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

तिसरे काम घरचे. आपण मुलांसाठी काय ठेवणार याचा विचार करताना फ्लॅट, सोने, मुदत ठेव यांची यादी करतो. त्या यादीखाली आणखी एक यादी लिहावी. आपण त्यांच्या वाट्यातले काय वापरून टाकणार आहोत? पाणी किती, माती किती, झाडे किती? दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. आपल्या घराचे खरे मृत्युपत्र त्या दोन्ही याद्या मिळून होते. आणि मुलांना हातात काहीतरी जपावयास द्यावे. एक झाड, एका भाजीचे बी, आजीची एक रीत. जपण्याची सवय हेदेखील बेणे आहे. ते दरवर्षी लावले नाही तर त्याचा वाण नष्ट होतो.

बंधू-भगिनींनो, येथून आपण घरी जाल. या दिवसांत तालुक्यात कोठेतरी, एखाद्या ओसरीत, पाल्याखाली झाकलेले हळदीचे बेणे असेल. घरात पैशाची गरज असेल. एखादी माउली त्याच्याकडे पाहील आणि पुन्हा पाला सारखा करील. तिला कोणी भाषण ऐकवलेले नाही. तिच्या ओसरीवर जाऊन, तिची गरज काय आहे हे विचारून आणि तिच्या बेण्याला आपला आधार देऊन आपण परत आलो, तर आजचे हे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.